बरोबर चालणारं घड्याळ

तिचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नसे, म्हणून बाबा तिला टिकटिक म्हणत. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता ते तुरुंगात होते, न केलेल्या चोरीसाठी. वरच्या कोर्टात अपील चाललं होतं. त्यातला लेखी युक्तिवाद दाखल करायची आजची शेवटची तारीख. पाचला कोर्टातली अर्ज घेण्याची खिडकी बंद झाली, की न्यायाधीश बाबांची बाजू न वाचताच निकाल देणार!

ऑफिसात वकीलकाकू त्याचाच शेवटचा परिच्छेद घासूनपुसून लख्ख करत होत्या. कागदांवर ऊन सांडलं होतं, पंखा स्वतःशीच गुणगुणत होता. टिकटिकला वाटलं, आपण सगळे एका भल्यामोठ्या घड्याळाच्या पोटात बसलोय, आणि वरून बाबा भिंगातून बघतायत.

भिंतीवरचं घड्याळ मात्र पुढे पळत होतं. बाबांची लेक ते कसं सहन करणार? सगळे जेवायला गेल्यावर ती खुर्चीवर चढली, घड्याळाला कान लावला आणि काटे मागे घेऊन अगदी बरोबर वेळेवर आणून ठेवले. कसलं भारी वाटलं!

काटा पाचाजवळ आला, तरी कोणी हलेना.

"काकू, निघायचं ना?"

"बस गं, आहे वेळ," काकू मान वर न करता म्हणाल्या.

कारकूनकाका हसले. "त्या घड्याळाला घाबरू नकोस, टिकटिके. मुद्दाम अर्धा तास पुढे ठेवलंय. काकूंना धाक नको?"

टिकटिक जागची उठली. "काका... ते मी बरोबर केलंय."

मग नुसती पळापळ! कोर्टाचा लांबलचक व्हरांडा, खिडकी जवळ येता येईना. आली तेव्हा बंद होती.

टिकटिकला रडू फुटलं. "बाबांचं वाटोळं केलं मी."

"गप. ते पुढे ठेवायचं डोकं माझं, घड्याळही माझं," म्हणत काकू तिथेच बाकावर बसल्या आणि उशीर माफ करण्याचा अर्ज लिहू लागल्या. कारण जसंच्या तसं लिहिलं: आमचं घड्याळ बरोबर चालत होतं.

सकाळी न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं.

"घड्याळ कोणी लावलं?"

"मी," टिकटिक उभी राहिली. "बाबांनी शिकवलंय. सेकंदाचाही फरक नाही, हवं तर बघा!"

काकूंनी तिची ओढणी खेचली. न्यायाधीशांच्या ओठांचा कोपरा हलला. "युक्तिवाद दाखल करून घ्या. वाचूनच निकाल देऊ."

ऑफिसात परतल्यावर काकूंनी स्वतःच खुर्ची ओढून दिली. "चढा, कारागीर. करा पुढे."

टिकटिक काटे फिरवू लागली. घड्याळ अर्धा तास पुढे झालं, तरी हात थांबेना. असंच फिरवत राहावं, दिवस भराभर मागे टाकावेत, आणि दारात बाबा दिसले, की मगच सोडावं.