खैरगडाचा न उठलेला वेढा

कुठल्याशा सुलतानाच्या फौजेनं खैरगडाला वेढा घातला. मग सुलतान मेला आणि त्याची सल्तनतही बुडाली. वेढा उठवायचा हुकूम मात्र कुणी काढलाच नाही. फौज वाट बघत बसली. बसल्या बसल्या तिनं ज्वारी पेरली, घरं बांधली आणि त्या वस्तीचं वेढेगाव झालं. गडावरच्यांनी आपल्या लेकी वेढ्यात दिल्या, वेढ्यातल्या सुना म्हणून वर आणल्या. पण लढाई चालूच. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाही ती मिटली नव्हती.

रोज सकाळी दूध काढून झालं की वेढेगावचे उकंडराव खालच्या खडकावर उभे राहून ओरडायचे, "गड देता काय?"

वरून गडकरी अर्जुनराव ओरडायचे, "नाई देत!"

मग दोघंही आपापल्या कामाला. उत्तर आलं नाही तर गड पडला, एवढाच नियम.

अर्जुनरावांची बायको सत्यभामाबाई ही उकंडरावांची सख्खी धाकटी बहीण. गडावर नुसता काळा दगड. तिनं ओढ्याकाठची माती टोपल्यांनी वर वाहून वांग्याची वाडी केली होती. झाडं नुकती फुलावर आली होती. तिच्यासाठी गड म्हणजे तेवढाच.

आणि नेमके तेव्हाच अर्जुनराव जानेफळच्या बाजूला शंकरपटाच्या बैलशर्यती बघायला गेले. दुसऱ्याच्या बैलजोडीसाठी दिवसभर बोंबलून घसा घालवून आले.

सकाळी हाक आली. अर्जुनरावांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

सत्यभामाबाईनं हातातली घागर खाली ठेवली आणि बुरुजावर धावली. "नाई देत!"

खाली उकंडरावांनी मान वर केली.

"सत्यभामे, तू काऊन बोलून राह्यली?"

"तुह्या भाऊजीचा घसा बसला."

"अवो, पण तू तर आमची पोरगी. आमच्याच माणसानं नाई म्हटलेलं कसं चालंन?" एवढं बोलून उकंडराव एकदम मागे वळले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं. "मंग उत्तर आलंच नाई! गड पडला न बे, तुळशीराम!"

तुळशीराम त्यांचा शेजारी, म्हणजे फौजच. "आज? आज तं वावरात मायी पाण्याची पाळी हाय."

पण पडलेला गड घ्यावा लागतो, आणि तोही शिडी लावून. गडाच्या दरवाजाला फळ्या उरल्या नव्हत्या. त्यातून शेळ्या ये-जा करत होत्या. तरी फौज तटावरूनच चढली. उकंडरावांचा गुडघा दुखत होता, म्हणून सत्यभामाबाईनं वरून शिडी धरली.

"जपून दादा, तो दगड हालते."

गड सर झाल्यावर तिनं जेत्यांना चहा दिला. मग पाटा-वरवंटा, कोंबड्या आणि नवरा घेऊन ती पायऱ्यांनी खाली उतरली. जाताना म्हणाली, "दादा, वांग्याईले पाणी देजो. बुडाशी देजो, फुलावर नको."

माहेरी पंचफुला वहिनीनं ओटा झाडून दिला. "राहा न बाई, कितीबी दिवस राहा. पण कोंबड्या बाहीर."

दुपारभर सत्यभामाबाई ओट्यावर बसून गडाकडे बघत होती. तटावर दादा दिसला. तिथूनच आतल्या वाडीत पाण्याची बादली थेट फुलांवर रिकामी करत होता.

"आता मी वेढ्यातलीच ना?" तिनं वहिनीला विचारलं.

"जल्मापासून."

सत्यभामाबाई उठली. दिवसातून एकदाच विचारावं असा नियम कुणी केला नव्हता. दुसऱ्यांदा विचारायची हौसच कुणाला नव्हती. ती खडकावर चढली.

"दादा! गड देतं काय?"

वर उकंडरावांनी बादली खाली ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात फक्त विचारायची रीत होती. नाही म्हणायची सवय कुणाला नव्हती. आणि बहिणीला तर त्यांनी बोरं, पतंग, आईच्या हातची शेवटची भाकर, कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"घे वो बाई! तुलेच घे! मले अथी काडेपेटीबी सापडून नाई राह्यली!"

तिसऱ्या प्रहरी तिनं गड घेतला. शिडी तटाला तशीच होती. लुगडं खोचून ती चढली. आधी वाडीत गेली. तीन-चार झाडं आडवी झाली होती, बाकीची उभी होती. तिनं ओल्या मातीनं बुडं दाबून घेतली. आता गड तिनं जिंकलेला होता. नाही म्हणायचा हक्कही तिचाच, घसा कुणाचाही बसो.

तेवढ्यात अर्जुनराव कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन दरवाजात आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. हरलेल्या बाजूचा गडकरी. आत घ्यावा की नाही, याचा नियम कुणालाच माहीत नव्हता. ते घशातून काहीतरी खरखरले.

सत्यभामाबाईनं कोंबड्या आत घेतल्या.

मग जरा विचार करून म्हणाली, "या. पण वांग्याच्या आळ्यावर पाय देऊ नोका."