रेघेपर्यंत तेल

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. घरातल्या एअर कंडिशनरची जाळी धुवायलासुद्धा जे कंपनीचा माणूस बोलावतात, त्यांच्याकडून मी ओळखीची काय अपेक्षा ठेवणार? तेव्हा आधी सांगून टाकतो. मी एक जुना एअर क्लीनर आहे, एका निळ्या डिझेल पिकअप ट्रकचा. काळ्या पत्र्याचा, घट्ट झाकणाचा डबा. खालच्या वाटीत तेल आणि वर तारेची जाळी.

इंजिनाला डिझेल लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. हवा लागते, आणि डिझेलपेक्षा कितीतरी जास्त लागते, हे कुणाच्या गावीही नसतं. बाहेरची हवा माझ्यात शिरते, खाली वळते आणि तेलावर आपटते. धूळ तेलात अडकून तळाशी बसते. स्वच्छ हवा जाळीतून वर इंजिनात जाते. माझ्या वाटीच्या आत एक रेघ कोरलेली आहे. तेल त्या रेघेपर्यंत भरायचं असतं. कमी भरलं तर धूळ अडत नाही. जास्त भरलं तर इंजिन हवेबरोबर तेलही ओढतं, गुदमरतं आणि धूर ओकतं. एक वाटी, एक रेघ. एवढंही ज्यांना जमत नाही, ते दुनियेला अक्कल शिकवत फिरतात.

जन्माविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. पत्रा, दाब, वेल्डिंग, रंग. जन्माची गोष्ट लांबवणाऱ्यांना पुढचं काही सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. माझं खरं आयुष्य पद्मनाभरावांकडे सुरू झालं.

पद्मनाभराव बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात यंत्रं तपासत असत. घर राजाजीनगरला. निवृत्तीनंतर त्यांनी आनेकलजवळ जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला आणि तिथे झाडांची रोपं वाढवली. जांभूळ, करंज, ताम्हण. वाढलेली रोपं ते शाळांना देऊन टाकत. त्या ने-आणीसाठीच आमचा ट्रक होता. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी ते मला खोलत, जाळी डिझेलमध्ये धूत, गाळ काढत आणि नवं तेल रेघेपर्यंत भरत. भरताना चष्मा कपाळावर सरकवत आणि श्वास रोखून धरत. माझ्यासाठी श्वास रोखणारा तो एकच माणूस.

यशवंतपूरचा नंजुंडप्पा मेस्त्री आमचं इंजिन तपासत असे. मोजमाप झालं की तो दर वेळी म्हणे, “सार, हे इंजिन अजून मगू आहे.” मगू म्हणजे कानडीत तान्हं मूल. पद्मनाभराव म्हणत, “मूल नाही रे, नंजुंडप्पा. त्याची आई चांगली आहे.” आणि माझ्या झाकणावर टिचकी मारत. स्तुती म्हणावी अशी तेवढीच मला मिळाली. मला ती पुरली.

मग पद्मनाभराव आजारी पडले. ट्रक सात महिने उभा राहिला. जानेवारीत ते गेले.

एप्रिलमध्ये त्यांची मुलगी ऋचा आली आणि तिने ट्रकचं बॉनेट उघडलं. आनेकलची जमीन महिनाअखेर सोडायची होती. तिथे चारशे रोपं उभी होती. ती पद्मनाभरावांनी यशवंतपूरपलीकडच्या एका शाळेला कबूल केली होती. ऋचाचा नवरा सुशांत पुण्याचा. संगणकाच्या नोकरीसाठी इथे आला तो आला, पण मनाने अजून पुण्यातच राहतो.

“अगं, टेम्पो मागवू. एका फेरीत काम होईल,” तो म्हणाला.

“अप्पांनी शब्द दिलाय. त्यांच्या गाडीतून जातील.”

“आणि गाडीने नाही ओढलं तर?”

“तर महिनाअखेर तिला भंगारात देऊ. मग मी काही बोलणार नाही.”

मित्रांनो, तिने माझ्यासमोर हे बोलायला नको होतं. आता ट्रकचं जगणं-मरणं त्या चारशे रोपांवर येऊन ठेपलं होतं.

माझ्यातलं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. ऋचाने जाळी धुतली, वाटी पुसली. नीट धुतली, हे कबूल करतो. पण तेल किती भरायचं? ती रेघ सात महिन्यांच्या गाळाने बुजलेली, पुसूनही पुसट. तिने नंजुंडप्पाला फोन लावला. तो नातीच्या लग्नासाठी तुमकुरूला गेला होता. मागे सनई वाजत होती आणि तो ओरडून बोलत होता.

“ऋचम्मा, आयिल गेरे मेले बेडा! गेरे मेले होदरे होगे बरुत्ते!”

तेल रेघेच्या वर नको, वर गेलं तर धूर येईल. इतकंच तो म्हणाला. कानडीत मेले म्हणजे वर. ऋचाचा जन्म राजाजीनगरचा, ती भाजीवालीशी कानडीत भांडते. तिला यातलं अक्षर न् अक्षर कळायला हवं होतं. पण तिने फोन कानापासून दूर धरला आणि सुशांतच्या हातात दिला.

“तू ऐक.”

सुशांतला कानडीचे वीस-पंचवीस शब्द येतात आणि त्यांचा त्याला पन्नास शब्दांइतका अभिमान आहे. “सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, असं तो फोनवर म्हणाला आणि फोन ठेवला. “मेले म्हणाले. म्हणजे वर. रेघेच्या वर भरायचंय.”

“बरं,” ऋचा म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

त्याने मला गळ्यापर्यंत भरलं.

पुढे काय झालं ते तुम्हीही सांगाल. ट्रक सुरू झाला, खोकला आणि सगळ्या गल्लीत निळा धूर झाला. वरच्या मजल्यावरच्या राजलक्ष्मी अक्का गॅलरीत आल्या. “एन, काय रे सुशांत, डासांची गाडी आणलीस?” त्यांनी विचारलं. सुशांतने मान हलवली आणि निकाल दिला. “हा डबा आउटडेटेड आहे. तेलात हवा गाळतात का कुठे? चहा आहे का हा?”

चहाच. पंचवीस वर्षं मी चहा गाळत होतो.

त्याने त्याच दुपारी फोनवरून एक वस्तू मागवली. सगळ्यांत स्वस्त. तिसऱ्या दिवशी ती आली. चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला लाल जाळीचा शंकू. त्यावर ‘रेसिंग’ हा शब्द चार ठिकाणी छापलेला. आनेकलच्या रस्त्यावर विटांच्या लॉऱ्यांमागे उभं राहून कुणाशी शर्यत लावायची होती, ते छापलेलं नव्हतं.

मला काढून ही वस्तू बसवायला सुशांतला अख्खा रविवार लागला. फोनवरच्या व्हिडिओतला माणूस वीस मिनिटांत बसवून मोकळा होत होता. पण त्याची गाडी वेगळी, नळी वेगळी आणि त्याला गाडीची कळकळ असायचं कारण नव्हतं. आमची नळी आखूड पडली. सुशांतने माझी पकड करवतीने कापली. शंकूला बसायला जागा मिळाली ती नेमकी धुराच्या तापलेल्या नळीशेजारी. म्हणजे जे यंत्र थंड हवा ओढणार म्हणून विकलं जातं, ते सगळ्यांत गरम हवा ओढू लागलं. जोडाजवळ बोट जाईल एवढी फट राहिली. तिथे त्याने केबल टाय ओढला. दोन स्क्रू उरले. ते त्याने खिशात टाकले आणि म्हणाला, “एक्स्ट्रा देतात.”

“स्क्रू एक्स्ट्रा देतात?” ऋचाने विचारलं.

“स्पेअर गं.”

मला त्याने ट्रकच्या मागच्या हौद्यात फेकलं. वाटेत यशवंतपूरला भंगारवाला आहे, तिथे टाकू म्हणाला. पण ऋचाने मला कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून ठेवलं.

आता खरं सांगतो. ट्रक सुरू झाला आणि धूर आला नाही. कसा येईल? तेल भरलेला मी तिथे नव्हतोच. शिवाय भोंग्यासारखा आवाज येऊ लागला. सुशांत हरखला. “ऐकतेस? काय ओढतेय बघ!” आवाज वाढला की ताकद वाढली, असं समजणाऱ्या माणसांची मला कीव येत नाही. कीव यायला थोडी माया लागते.

पहिली फेरी आनेकलहून निघाली. पुढे विटांच्या लॉऱ्या आणि त्यांची लाल धूळ. मी हौद्यात जांभळाच्या रोपांमध्ये पडून ती धूळ इंजिनात जाताना ऐकत होतो. शाळेपाशी ऋचा स्टिअरिंगमागेच बसून राहिली, इंजिन चालू ठेवून. सुशांतने एकट्याने दीडशे रोपं उतरवली. फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदाराने, विठोजीने, त्याला विचारलं, “अप्पाजी बरलिल्लवा?” अप्पा आले नाहीत का? सुशांतने वीस-पंचवीस शब्दांत उत्तर शोधलं. “नाळे,” तो म्हणाला. उद्या. दुसऱ्या फेरीलाही तसंच. तेच विचारणं आणि तेच नाळे.

दुसऱ्या फेरीनंतर ऋचाने ट्रक नंजुंडप्पाच्या गॅरेजला वळवला. तो तुमकुरूहून परतला होता. त्याने बॉनेट उघडलं आणि लाल शंकू पाहिला. नळी सोडवली, आत बोट फिरवलं आणि ते ऋचासमोर धरलं. बोट लाल झालं होतं. शंकूच्या आतल्या बाजूला, जिथे धुळीचा कणही जायला नको तिथे.

“दोन बोटांत चोळून बघ,” तो म्हणाला. तिने चोळलं. कचकच लागली.

“ही कचकच यिंजिनात गेली. घासत बसते. जुना डबा कुठे?”

तिने फडकं सोडून मला त्याच्या हाती दिलं. त्याने जाळी वरपर्यंत ओली पाहिली, वाटीत गळ्यापर्यंत चढलेली तेलाची खूण पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला.

“यार हाकिद्रु? कुणी भरलं एवढं? मी काय सांगितलं फोनवर? गेरे मेले बेडा!”

“मेले म्हणजे वरच ना?” सुशांत म्हणाला. “मी वर भरलं.”

“आणि बेडा? नको म्हटलं ते कानात गेलं नाही?”

सुशांत लाल झाला. मी समाधानाने तो रंग पाहत होतो. एवढ्यात ऋचा बोलली.

“नंजुंडप्पा, चूक त्याची नाही. फोन मी घेतला होता. मला कानडी येते.”

“मग?”

“त्या दिवशी तो शब्द मला मराठीत ऐकू आला.”

पंचवीस वर्षं पद्मनाभरावांशी बोलून नंजुंडप्पाला थोडी मराठी समजू लागली होती. त्याला जरा वेळ लागला. मेले. मग त्याने मला खाली ठेवून फडकं घेतलं आणि आधीच पुसलेले हात पुन्हा पुसले. सुशांतने बायकोकडे पाहिलं. 

मित्रांनो, इथवर मी सगळ्यांना नावं ठेवत आलो. तिलाही ठेवणार होतो. कानडी नीट येत असताना फोन दुसऱ्याला देणारी म्हणून मनात एक वाक्यही तयार होतं. ते मी टाकून दिलं.

नंजुंडप्पाने कापलेल्या पकडीच्या जागी लोखंडी पट्टी वाकवून मला बसवलं. तेल ऋचाने भरलं. तिने खिळ्याने रेघेतला गाळ खरवडून काढला आणि हळूहळू तेल ओतलं, रेघेपर्यंत. शंकू नंजुंडप्पाने परत द्यायला धरला. कुणी हात पुढे केला नाही.

“इंजिन ठीक होईल?” सुशांतने विचारलं.

“जे झिजलं ते झिजलं. मगू आता मगू नाही. पण चालेल. घाट आला तर पळवू नका.”

महिन्याचा शेवटचा दिवस. शंभर रोपं उरली होती. आम्ही आनेकलहून निघालो. चढावर ट्रक इतका सावकाश चढला की मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवून वाजवून शेवटी हात जोडले. ऋचाने घाई केली नाही. मी धूळ अडवत होतो आणि इंजिन थकलेला पण स्वच्छ श्वास घेत होतं. पाच वाजता आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो.

विठोजी धावत आला. थेट ड्रायव्हरच्या दाराकडे.

“अप्पाजी? नाळे अंदिद्रु.” उद्या येतील म्हणाले होते.

सुशांत दार उघडून उतरू लागला. ऋचाने त्याच्या हातावर हात ठेवला. तिने इंजिन बंद केलं. माझ्यातली शेवटची हवा आत गेली आणि सगळीकडे शांत झालं.

“तीरिहोदरु,” ती म्हणाली. “जनवरीअल्ली.” वारले. जानेवारीत.

विठोजीने डोक्याचा टॉवेल काढला. मग तो म्हणाला, “रोपं उतरव, अम्मा. ऊन उतरलंय. आत्ताच लावू.” आणि पहिलं ताम्हण त्याने स्वतः उचललं.

ट्रक भंगारात गेला नाही. पूर्वीसारखा ओढतही नाही, आणि यापुढे ओढणार नाही. ते दोन फेऱ्यांचं नुकसान कुणाच्याही प्रेमाने भरून येणारं नाही. मी ते लपवणार नाही, कारण तुम्हांला गोड शेवटाची सवय आहे आणि ती वाईट सवय आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल. न चमकणारं, आवाज न करणारं, कुणाच्या लक्षात नसलेलं. त्याच्या जागी नवं आणण्याआधी ते एकदा उघडा. ते का चालत नाही ते पाहा. बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं. त्याची काळजी घेणारा माणूस गेलेला असतो, आणि ते काम अजून कुणी हातात घेतलेलं नसतं.