कवडीच्या तोंडाचं माप

निडीच्या चंद्रावतीच्या घरात घोडीला लगाम चढवायची एक रीत होती, आणि ती मोडायची कोणाची छाती नव्हती. लगामाचं जे लोखंड घोडीच्या तोंडात जातं त्याला या घरात दांडी म्हणायचे. दोन तुकडे, मधे दुव्यात दुवा अडकवलेला, दोन्ही टोकांना गोल कड्या. चंद्रावतीचे मालक दाजी, त्यांनी ती रोह्याच्या लोहाराकडून रंभा घोडीसाठी घडवून घेतली होती. रंभेनंतर ती तिच्या लेकीला, गंगीला लागली. दाजी गेले, गंगी थकली. आता गंगीची लेक कवडी साडेतीन वर्षांची झाली, तेव्हा चंद्रावतीनं खुंटीवरची दांडी चिंचेनं घासून चकचकीत केली आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातली. सासूच्या पाटल्या सुनेला मिळतात तशी. त्यात माप कसलं घ्यायचं?

कवडी गुणाची होती. स्टेशनाजवळ नेऊन उभी केली तरी मालगाडीच्या भोंग्याला फक्त एक कान हलवायची. सून मैना तिच्या कानाशी ताट बडवायची, मुलगा सखा मोबाइलवर बँडची गाणी लावायचा, एकदा तर शेपटीमागं लवंगी माळ लावली. घोडी आपली पेंढा चघळत उभी. पण पाठीवर माणूस बसला आणि लगाम ओढला की मान आभाळात, तोंड वासलेलं, आणि चारी पायांनी मागं मागं. त्या दिवशी तर तिनं सखाला वालाच्या शेतात आडवा केला.

"आये, ही वरातीत नवऱ्याला गटारात घालील," सखा पँट झटकत म्हणाला.

"तुझी मांड कच्ची, तिला कशाला बोल लावतोस? कंपनीत खुर्चीवर बसून बूड गुळगुळीत झालंय तुझं."

वरात अकरा दिवसांवर होती. तीही कोणा सोम्यागोम्याची नाही, रोह्याच्या सरोजिनीबाईंच्या नातवाची. बाई निवृत्त शिक्षिका, जुनं जमीनदार घर. त्यांचे गोपाळराव चंद्रावतीच्या सासऱ्यांच्या घोडीवर बसून गेले होते, मुलगा रंभेवरून गेला. आता यज्ञेश कवडीवर बसेल, असा शब्द चंद्रावतीनं दिवाळीतच दिला होता, तोही देवळात, दहा बायकांदेखत. आजवर तिचा दिलेला शब्द कधी पडला नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

दांडी तोंडात जरा इकडेतिकडे सरकते हे तिनं पाहिलं होतं. तिनं गालावरचा पट्टा दोन भोकं वर घेतला. लगाम सैल राहिला की जनावर शेफारतं, हे तिचं ठाम मत.

"आई," मैना हळूच म्हणाली, "दांडी मोठी नाय ना होत तिला? दोन्हीकडनं बाहेर येते."

"तुझ्या माहेरी धरमतरला घोडे होडीत बसवतात वाटतं. आमच्याकडे जमिनीवर चालतात हो."

मैना घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सखा शिफ्टवरून आला तो पिशवीत काहीतरी वाजवत. काटेरी लगाम. दांडीला दोन्ही अंगांना खिळ्यांसारखे दात, पट्टा ओढला की गालात रुततील असे.

"वरातवाले सगळे हाच वापरतात, आये. एकदा टोचलं की मान वर करायची नाय."

चंद्रावतीनं तो हातात घेतला, उलटा केला, दातांवरून अंगठा फिरवला.

"आ कर."

"क्काय?"

"आ कर म्हणते. आधी तुझ्या तोंडात घालू, मैनाला पट्टा धरू दे. गप्प उभा राहिलास तर घोडीचं बघू."

सखानं आ केला नाही. "मग दुसरं काय करायचं ते तूच सांग. दहा दिवस हायत."

"हे कायद्यानं बंद हाय, आणि कायदा नसता तरी माझ्या दारात नको. जा, ज्यानं दिलं त्याला परत दे."

पण दुसरं काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. सकाळी तिनं दाजींची दांडी पट्ट्यासकट पदराखाली घेतली आणि एसटीनं पेण गाठलं. बाजारामागं दिनानाथचं चामड्याच्या पट्ट्यांचं, लगामांचं दुकान. दाजींचा जुना दोस्त. पट्ट्याला अजून वर एक भोक पाडून घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

दिनानाथनं दांडी हातात तोलली. "वहिनी, ही कोणाच्या तोंडाची?"

"कोणाच्या म्हंजे? रंभेची, मग गंगीची. आता कवडीची."

"कवडीचा बाप कोण?"

"माथेरानकडचा तट्टू. बुटका होता, पण चालीला चांगला."

"आणि तिचं तोंड कोणावर गेलंय? आईवर का बापावर?"

 असला प्रश्न चंद्रावतीला आजवर कोणी विचारला नव्हता.

"तुम्ही चपला घ्यायला जाता तेव्हा पाय संगती आणता ना?" दिनानाथनं केरसुणीचा एक जाड हीर मोडून तिच्या हातात ठेवला. "हा तिच्या तोंडात आडवा धरा, दातांमागं मोकळी हिरडी असते तिथं. दोन्ही ओठांशी नखानं खूण करा. मग या. भोक मी पाडणार नाही."

"दाजी असते तर तुझी अशी जीभ चालली नसती."

"दाजी असते तर माप घेऊनच आले असते," तो म्हणाला आणि पुढचं गिऱ्हाईक बघायला लागला.

एसटीत निडीपर्यंत चंद्रावती मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती. घरी आली तेव्हा सखा कामावर, मैना शेतावर. आपण हीर घेऊन घोडीचं तोंड मोजतो आहोत हे बघायला कोणी नव्हतं, ते बरंच झालं. तिनं कवडीच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला, तोंड उघडलं, हीर आडवा धरला आणि खुणा केल्या. मग तो दांडीशेजारी ठेवून बोटांनी मोजला. तोंड सात बोटं. दांडी साडेआठ.

दीड बोट जास्त. म्हणजे लगाम ओढला की मधला सांधा कोपरासारखा वर उभा राहत असणार. तिनं तोंड पुन्हा उघडलं आणि या खेपेस वर पाहिलं. टाळूला रुपयाएवढा चट्टा होता, सोललेला, लालभडक. आणि पट्टा दोन भोकं वर तिनंच घेतला होता.

ती गव्हाणीच्या कडेवर बसली. घोडीवर इतके दिवस मस्तीखोर म्हणून ओरडलो, सखाला कच्चा म्हटलं, सुनेला होडीत बसवलं. आणि घोडी बिचारी एकच गोष्ट सांगत होती, ती ज्याला त्याला दिसत होती, एक आपल्याला सोडून.

संध्याकाळी रोह्याहून जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मिठाच्या पाण्यानं तोंड धुवा, तीन आठवडे तोंडात काही घालू नका, म्हणाले.

"तीन आठवडे?" सखा म्हणाला. "वरात नऊ दिवसांवर हाय. आये, दोन तासांचा तर मामला. पट्टा सैल करू, दांडीला फडकं गुंडाळू, मी म्होरून धरतो. तुझा शब्द राहील."

ते तिला पटलं. खोटं कशाला बोला, चांगलं पटलं. ती उठली, खुंटीवरची दांडी घेतली, जुन्या लुगड्याची चिंधी तिच्यावर गुंडाळली आणि घोडीजवळ गेली. कवडीनं तिचा हात पाहिला आणि मान फिरवली. दोरी ताणून, डोळ्याचं पांढरं दाखवत, जितकं मागं जाता येईल तितकी मागं गेली. जन्मली तेव्हा उभं राहता येत नव्हतं म्हणून चंद्रावतीनं बाटलीनं दूध पाजलेलं जनावर. तिच्या हाताला भ्यालं.

तिनं चिंधी सोडली. "उद्या रोह्याला जाते," म्हणाली.

वाटभर ती एक सबब घोळवत होती. सरोजिनीबाई ओसरीवर चष्मा लावून आहेराची यादी करत होत्या.

"बाई, घोडी नाय येणार. पाय मुरगळलाय तिचा."

"अरेरे. कुठला पाय?"

"म्होरचा."

"डावा की उजवा?"

चाळीस वर्षं पोरांच्या खोट्या सबबी ऐकलेली बाई. चंद्रावतीनं डावा म्हणायला तोंड उघडलं, आणि बंद केलं.

"पाय धड हाय, बाई. तोंड सोलवटलंय. मी तिच्या आजीची दांडी तिच्या तोंडात घातली, मापाचा विचार न करता. चूक माझी हाय."

बाईंनी चष्मा काढला. "चंद्रावती, दिवाळीत देवळात तू काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते. दहाजणी ऐकत होत्या. त्या दहाहीजणींना मीच सांगेन."

"बँड ठरलाय. फेटा त्या घोडीच्या रंगाला जुळेल असा आणलाय. नातेवाईक मुंबईहून येणार, त्यांना सांगून ठेवलंय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरची घोडी येते म्हणून." बाईंचा आवाज चढला होता. "आता माझ्या नातवानं काय करायचं?"

"पेणात भाड्यानं घोडी मिळते. पण आणलीत तर आधी तिच्या तोंडात काय घातलंय ते बघा."

"ते आता मी का बघू?"

"नका बघू. मग यज्ञेशला चालू दे. त्याचे पाय धड हायत ना? डावा, उजवा, दोन्ही?"

सरोजिनीबाई हसल्या नाहीत. यादी घडी घालून बाजूला ठेवली. मग आत हाक मारून दोन कप चहा सांगितला.

यज्ञेश चालतच गेला. दुसऱ्या कोणाची घोडी बाईंनी आणली नाही. ते रागानं की आणखी कशानं, हे चंद्रावतीला कळलं नाही. बोलावलं होतं म्हणून तीही वरातीच्या कडेनं चालत होती. मारुतीच्या देवळाजवळ त्या दहाजणींतल्या हौसानं तिला गाठलंच.

"घोडी कुठाय गो चंद्रावती? का दाजींसंगं धंदाबी गेला?"

"घोडी घरी हाय. मी तिच्या तोंडात दुसरीची दांडी घातली, टाळू सोलली. भरली की येईल."

 बँड वाजत होता म्हणून चंद्रावतीनं तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दोघींनीही ऐकलं.

तीन आठवड्यांनी ती हीर घेऊन पेणला गेली. दिनानाथनं फळीवर तीन दांड्या मांडल्या, तिन्ही साडेसात बोटांच्या, तोंडापेक्षा अर्धं बोट मोकळ्या. एक सरळ, बिनजोडाची. एक बारीक, मधे एक सांधा. तिसरी जाड, मधे शेंगदाण्याएवढा तुकडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना सांधा.

"बारीक घ्या, हलकी आहे. तरणं जनावर, ओझं नको," दिनानाथ म्हणाला. बहुधा तिची परीक्षाच घेत होता.

"भरलेली बादली उचललीस का कधी? बारीक कडी बोटं कापते. जाड असली की हात राहतो." तिनं बारीक दांडी बाजूला सारली. सरळ दांडी आपल्या जिभेवर दाबून धरावी तशी तळहातावर दाबून बघितली. सगळा भार मधेच येत होता. मग जाड दांडीच्या दोन्ही कड्या धरून ओढल्या. मधला तुकडा आडवाच राहिला, कोपर वर आलं नाही. पदराचं टोक लोखंडावरून फिरवलं, कुठं धागा अडकतो का ते पाहायला. एका ठिकाणी अडकला.

"हितं घास."

दिनानाथनं निमूट कानस उचलली.

घरी येऊन तिनं आधी कवडीची टाळू पाहिली. नवी कातडी आली होती, गुलाबी. दांडी बराच वेळ मुठीत धरून ऊबदार केली, गुळाचा खडा चोळला आणि पुढं केली. घोडीनं वास घेतला, मान फिरवली, परत वास घेतला. चौथ्या खेपेला तोंडात घेतली. चंद्रावतीनं पट्टा एकेक भोक वर घेतला आणि ओठाच्या कोपऱ्याला एक घडी पडली तिथं थांबली.

"मैना, ये गो. नीट बघ, बाहेर येते का कुठं?"

मैनानं दोन्हीकडून पाहिलं. "दोन्हीकडनं मिळून अर्धं बोट हाय. एवढी मोकळीक लागतेच ना?"

"लागते."

सखा वर बसला. वालाचं शेत आता रिकामं होतं, काटक्या तेवढ्या राहिल्या होत्या. दहा पावलं गेल्यावर त्यानं लगाम हलकेच ओढला. कवडीनं सवयीनं मान उचलली, तोंड वासलं आणि थांबली. कशाची तरी वाट बघत राहिली. काही टोचलं नाही. तिनं तोंड मिटलं, दांडी दोनदा चघळली, ओठाला फेस आला, आणि मान हळूहळू खाली आली.

"परत ओढू?" सखानं विचारलं.

"नको. उतर. आज एवढंच."