कोणाची वीत?

आमच्या घराचं सगळं लोखंड मी स्वतः विकत घेतलं आहे. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, न्हाणीचा नळ, सगळं. कृष्णराव, म्हणजे आमचे हे, तेव्हा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि लाखनीत प्लॉट घेऊन हळूहळू घर उभं करत होतो. यांना सुट्टी मिळायची नाही, म्हणून बसने मीच यायची. सत्त्याण्णव सालची गोष्ट.

रोडवर परसरामभाऊंचं हार्डवेअरचं दुकान होतं. दाराशी दोरांची भेंडोळी, विळे, घमेली. आत थोडा अंधार आणि जवसाचं तेल अन् चुना यांचा मिळून एक वास. खिळे किलोवर मिळत, पेपरच्या पुड्यात. घरी पोचेपर्यंत पुड्याला भोकं पडलेली असत आणि पिशवीला सुद्धा. मी पहिल्यांदा गेले आणि म्हटलं, "भाऊ, दीड वीत लांब कडी पाहिजे."

परसरामभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाची वीत?"

"म्हणजे?"

"गवंड्याची, साहेबाची का तुमची?"

"माझी."

"मंग ठेवा हात."

त्यांनी काउंटरच्या लाकडावर माझा पंजा ताणून ठेवायला लावला, अंगठ्याशी आणि करंगळीशी सुताराच्या पेन्सिलीने रेघा मारल्या, टेप लावला आणि शेजारी लिहिलं, 'क्वार्टरवाली, ७'. काउंटरवर अशा पन्नासेक जोडरेघा होत्या. आजूबाजूच्या खेड्यातली माणसं, त्यातही बाया, निरोप पाठवायच्या, दोन वीत चार बोटं साखळी द्या म्हणून. निरोप आणणारा भलताच कोणी असायचा. परसरामभाऊ रेघ पाहून माल काढून द्यायचे.

हे फॅक्टरीत मापं तपासायच्या कामावर होते. केसाएवढा फरक यांच्या नजरेतून सुटायचा नाही. माझी गोष्ट ऐकून त्या दिवशी यांना जेवताना ठसका लागला. "वीत! उद्या मुठीने सिमेंट आणशील." पण आमच्या घराची एकही कडी बदलून आणावी लागली नाही. हे मी यांना अजून ऐकवते.

परसरामभाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दुकान त्यांचा मुलगा संघपाल चालवतो. तोही पन्नाशीला आला. त्याने दिवे लावले, रंग मिसळायचं यंत्र आणलं. काउंटर तेवढा तोच ठेवला.

यंदा फेब्रुवारीत यांना अर्धांगाचा झटका आला. वेळेवर नागपूरला नेलं म्हणून थोडक्यात निभावलं. बारा दिवसांनी पाय सावरला, उजवा हात मात्र लोंबता राहिला. घरी सोडायच्या चार दिवस आधीच डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. पाणी भरपूर पाजा आणि संडासात धरून उठायला दांडी बसवून घ्या.

आमचा प्रविण नागपूरला नोकरीत आहे. सून अंजू फार कामाची. ती म्हणाली, "आई, इथल्या मोठ्या दुकानातून आजच घेऊन टाकू."

मी हळूच म्हटलं, "संघपालकडे मिळेल की."

"लाखनीत कुठे मिळायची असली वस्तू? आणि बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे."

जिवाचा प्रश्न म्हटल्यावर मी चपला घातल्या. मधे एकदा कपडे घ्यायला घरी गेले होते, तेव्हा कमोडच्या डाव्या बाजूची भिंत मी मोजून ठेवली होती. दाराच्या चौकटीपासून पाण्याच्या हौदापर्यंत बरोबर तीन वीत.

ते दुकान, खोटं कशाला बोलू, मला आवडलं. नुसत्या नळांची एक मोठी भिंत होती. दारांच्या मुठी ओळीने लावलेल्या, कोणतीही धरून पाहा, फिरवून पाहा, कोणी हटकत नाही. गार हवा सुटलेली. मी तर काही वेळ आपण कशासाठी आलो ते विसरले. मग गणवेशातली एक मुलगी आली. "मॅडम, साइज?"

"तीन वीत," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग अंजूकडे. अंजूने मोबाईल काढला. "एक वीत म्हणजे नऊ इंच. सत्तावीस इंच जागा आहे." मुलगी म्हणाली, मग चोवीस इंची आरामात बसेल. दांडी खोक्यात बंद होती, वर चकचकीत फोटो. माझ्या मनात आलं, खोक्यावर पंजा ठेवून एकदा पाहावं. हात पदरातून बाहेरही काढला. पण मागे लोक ढकलगाडी घेऊन उभे होते आणि ती मुलगी हसू दाबते आहे असं मला वाटलं. हात परत पदरात गेला.

शनिवारी आम्ही यांना घेऊन लाखनीला आलो. पुढे ट्रक वळत होता, म्हणून गाडी थांबली ती नेमकी संघपालच्या दुकानासमोर. तो धावत खिडकीशी आला. "काका, आले का घरी! बरं झालं बापा." बोलता बोलता त्याची नजर माझ्या मांडीवरच्या खोक्यावर गेली. मी त्यावर पदर ओढला. चोवीस इंचांचं खोकं पदरात मावतं थोडंच? मला मात्र घर येईपर्यंत मान वर करवली नाही.

रविवारी प्रविणने दांडी भिंतीला लावून पाहिली. एक टोक चौकटीला टेकलं, तर दुसरं हौदावर तीन इंच चढलं. प्रविण म्हणाला, "असं कसं?" अंजूने मोबाईल पुन्हा पाहिला. मी हौदाकडे पाहत राहिले. दोघांनाही संध्याकाळी परतायचं होतं. पुढच्या रविवारी बदलून आणतो म्हणाले.

पण रविवारपर्यंत थांबायचं कसं? घरी आल्या दिवशी मी यांना धरून आत नेलं, बसवलं, काखेत हात घालून उठवलं. बाहेर आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हापासून पाणी बंद. सकाळी भरून ठेवलेला गिलास दुपारी तसाच.

"अहो, दोन घोट तरी घ्या."

"तहान नाही."

एक्कावन्न वर्षांचा संसार आहे. मला कळत होतं. पाणी नाही प्यालं तर आत जावं लागत नाही, आणि आत गेलं नाही तर बायकोने उचलावं लागत नाही. सोमवारी दिवसभरात औषधांपुरतं पाणी पोटात गेलं. ओठ सुकले. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्यापर्यंत पाहा, नाही प्याले तर घेऊन या, सलाईन लावावं लागेल. पुन्हा तो पलंग, पुन्हा त्या नळ्या. यावेळी हे परत आले नसते, असं मला आतून वाटत होतं.

मंगळवारी सकाळी शेजारच्या शकुंतलाबाईंना यांच्याजवळ बसवलं, दांडी कापडी पिशवीत घातली आणि निघाले. संघपाल आणि त्याची बायको तुळसा दोघंही दुकानात होती.

"या काकू, या. लपवू नका, मुंडकं बाहेर येऊन राहिलं तिचं."

"अजी, काकूले बसू तं द्या आधी," तुळसा म्हणाली.

"बसूच देऊन राहिलो. नागपुरात खरेदी करणाऱ्या बाईले आपला स्टूल चालते का, तेवढं इचारतो."

मी बसले आणि सगळं सांगितलं. हौद, तीन इंच, पाण्याचा गिलास, सगळंच. संघपालची थट्टा तिथेच थांबली.

"किती वीत सांगितलं होतं तुम्ही?"

"तीन."

"कोणाची?"

मी काउंटरकडे पाहिलं. पुसट झालेल्या रेघांवर खिळ्यांचं पुडकं पडलं होतं.

"अंजूच्या मोबाईलची," मी म्हटलं.

संघपाल हसला तो काउंटर धरून हसला. तुळसाने तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. मग त्याने पुडकं सरकवून 'क्वार्टरवाली, ७' वर बोट ठेवलं.

"मोबाईलची वीत नऊ इंच, तुमची सात. मोबाईलले काय मालूम, कोणाचा हात केवढा? एकवीस इंचाची जागा आहे काकू."

"मग तुझ्याकडची लहान दे. अठरा इंची असेल ना?"

होती. त्याच्या मागे खिळ्याला लटकलेली मला दिसत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझी दांडी पिशवीतून काढून हातात तोलली, दोन्ही टोकांचे जोड न्याहाळले.

"चांगली आहे ही. वाया काहून घालाची? काका कोणत्या हातानं धरते?"

"डाव्या."

"मी येतो संगं. इथं बसून नाही समजत. तुळसे, दुकान पाह्य."

भिंतीत भोकं पाडायचं मशीन पिशवीत टाकून तो माझ्या मागोमाग घरी आला.

"जय भीम, काका."

यांनी डावा हात जरासा उचलला. तोंड भिंतीकडेच. संघपाल सरळ संडासाकडे वळला. आत गेला, भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. मग दांडी भिंतीला टेकवली, खालचं टोक मागे, वरचं पुढे, आणि खोलीत ऐकू जाईल असं म्हणाला, "काकू, अशी बसते पाहा. तिरपी."

पलंगावरून आवाज आला. "तिरपी?"

संघपालने दांडी तशीच धरून ठेवली.

"वाकडी लावून राहिला का रे? पातळी लाव आधी. दांडी आडवी पाहिजे."

"आडवी नाही बसत काका. जागा एकवीस, दांडी चोवीस."

"कोणी मोजलं?"

"काकूंनी. वितेनं."

"वा!" हे म्हणाले, आणि त्या एका शब्दात सत्त्याण्णव साल होतं.

"मले काही समजून नाही राहिलं काका. तुम्ही येऊन पाहता का?"

मी उठवायला पुढे झाले. संघपालने नुसती मान हलवली. मी थांबले. यांनी कूस बदलली, पाय खाली सोडले, चार पायांची काठी धरली आणि भिंतीला खांदा लावत आले. आम्हाला वाट पाहायला लावली, पण आले.

संघपालने यांना कमोडच्या झाकणावर बसवलं. "आता उठाचं आहे असं समजा. भिंतीकडे पाहू नका. हात टाका."

यांचा डावा हात गेला तो पुढे आणि थोडा वर. जिथे टेकला तिथे संघपालने पेन्सिलीने टिंब दिलं. "आता बसाचं आहे." हात खाली आणि अलीकडे आला. आणखी एक टिंब. असं त्याने तीन तीन वेळा करायला लावलं. वरची टिंबं एका जागी जमली, खालची एका जागी. मधून रेघ ओढली तर तिरपी.

"पाहा काका. तुमचा हात आडवा जातच नाही."

हे त्या रेघेकडे बराच वेळ पाहत बसले. क्वार्टरमध्ये असताना मी यांना असं पाहताना पाहिलं आहे, रेडिओ उघडून त्याच्या पोटात काय बिघडलं ते शोधताना.

"खालचं टोक दोन सूत पुढे घे," हे शेवटी म्हणाले.

"कायले?"

"बसताना मनगट वळतं. भार सगळा अंगठ्यावर येतो."

संघपालने रेघ पुसली आणि दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढे नवी मारली. मग मशीन चालू केलं. हौदातल्या पाण्यावर विटेची लाल भुकटी पसरली. खोक्यातले स्क्रू त्याने बाजूला ठेवले. "हे पक्क्या भिंतीचे. आपल्या विटेले लांब पायजे." खिशातून आपले काढले. प्रत्येक स्क्रू पिळताना हे सांगत होते, अजून, अजून, बस. शेवटी संघपाल स्वतः दोन्ही हातांनी दांडीला लटकला, पाय वर घेऊन.

"पंच्याऐंशी किलो," तो उतरून म्हणाला. "तुळसाले सांगू नका, तिले अठ्ठ्याहत्तर सांगितलं आहे."

चहा पिताना मी म्हटलं, "तुझी अठरा इंची तर राहिली."

"राहू द्या. लाखनीत म्हातारे कमी आहेत का?"

"कोणाला म्हातारा म्हणतो रे?" हे आतून ओरडले.

तो गेल्यावर मी अंजूला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, "आई, ही वाकडी का लावली?" मी म्हटलं, रविवारी ये आणि बाबांनाच विचार, त्यांनी मापं काढली आहेत. तिने आणलेली दांडी लागली म्हणून तिलाही बरं वाटलं.

दुपारी मी भाजी निवडत होते. हे म्हणाले, "निर्मला, पाणी दे."

दिलं. पूर्ण प्याले. गिलास खाली न ठेवता परत पुढे केला. मी परत भरला.

तासाभराने हे उठले. मी जागेवरून हलले नाही. काठीचा आवाज आत गेला, दार लोटलं गेलं. मग मला राहवेना. पाय न वाजवता दाराशी जाऊन उभी राहिले. पाण्याचा आवाज आला, मग काही नाही, मग एक लांब श्वास आणि दांडीवर अंगठी घासल्याचा बारीक आवाज. आणि आतून यांचा खणखणीत सूर,

"दाराशी उभी राहून काय ऐकून राहिली? जा, कुकरकडे पाहा."

कुकर मी लावलाच नव्हता. तरी गेले.