डाग न धरणारा टीव्ही

भुतं अंधारात दिसतात म्हणे. आमच्या घरातलं उजेडात दिसायचं.

टीव्हीवर रात्रीचा प्रसंग असला की सगळं ठीक. पण मालिकेतलं कुणी पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहिलं, कुठे बर्फ दाखवला, नुसतं आभाळ दाखवलं, की पडद्याच्या आतून ती सावली वर यायची. आधी एक उभी रेघ आणि एक आडवी. मग मधोमध एक गोलसर काळपट उंचवटा, खुर्चीच्या पाठीसारखा. ह्यांची दुकानातली खुर्ची. नायिका पांढऱ्या कपड्यांत लग्नाला उभी राहिली तरी तिच्या छातीवर ह्यांची खुर्ची. आता मी मालिका बघायची की खुर्ची, तुम्हीच सांगा.

ह्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. शर्ट, पँट, कोट. कापायच्या मोठ्या टेबलामागे हे, मशिनींवर कारागीर, आणि खिडकीशी मी. काजं-बटणं माझ्याकडे. लग्न होऊन आले त्याच वर्षी सुई हातात दिली ती काही खाली ठेवू दिली नाही. तोंडानं कधी बरं म्हणाले नाहीत, पण दुसऱ्या कुणाला माझ्या बटणांना हात लावू देत नसत.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी डॉक्टरांना विचारलं, "माणसं ओळखतात का हो?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा." मला काय, बोलायला सांगावं लागत नाही.

दुकान मोठ्या कारागिरावर सोपवलं आणि मी घरी बसले. मुलानं हौसेनं दुकानात चार कॅमेरे लावले आणि ते चित्र घरच्या टीव्हीवर आणलं. चार चौकोन, चौकोनात दुकान. "बाबांचं मन रमेल," म्हणाला. मन रमलं कसलं, मन तिथेच जाऊन बसलं. सकाळी डोळे उघडले की डावा हात रिमोटकडे. झोप लागेपर्यंत तेच.

ह्यांना सोफ्याच्या कोपऱ्यात उशांना टेकवून मी समोर खुर्ची ओढून ह्यांच्याकडे तोंड करून बसायची, टीव्हीला पाठ. भरवायचं, तोंड पुसायचं, बोटं चोळायची आणि बडबडायचं. शेजारी काय झालं, कारागिरानं काय घोळ घातला, सगळं. आणि हे? माझ्या खांद्यावरून मागे बघत असायचे. घास देताना मी जरा पुढे वाकले की डाव्या हातानं मला बाजूला सारायचे. हळूच, पण सारायचेच. जन्मभर दुकान आधी आणि बायको मागाहून, ते मी सोसलं. अंग लुळं पडल्यावरही तेच म्हटल्यावर माझा जीव जळायचा. सवतीचा राग येतो तसा मला त्या दुकानाचा राग यायचा. मी मुद्दाम मागे वळून बघायची नाही.

हे गेले. मोठ्या कारागिरानंही वयामुळे काम सोडलं, दुकान विकलं, कॅमेरे उतरवले. टीव्ही मात्र घरातच राहिला आणि त्यानं दुकान सोडलं नाही.

मुलानं समजावलं होतं मला. या पडद्यात मागे दिवा नसतो, एकेक ठिपका आपला आपण उजळतो. एकच चित्र महिनोन्‌महिने ठेवलं की तेवढे ठिपके झिजतात आणि खूण राहते. कोपराला झिजलेली बाही कितीही धुतली तरी कोपर दाखवते, तसंच. कळलं मला. पण कळल्यानं भीती जात नाही. एकदा दुपारी घरात एकटी होते. टीव्हीवर कुठलातरी बर्फाचा डोंगर लागला आणि तो उंचवटा असा वर आला की मला वाटलं, आता हे येतील, बसतील, आणि माझ्याकडे न बघता कापायला घेतील. अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवसापासून मी टीव्हीकडे पाठ करून मालिका नुसती ऐकायला लागले. सूनबाई तर त्या पडद्यावरची धूळही पुसेना. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, मला उगीच कुणीतरी बघतंय असं वाटतं." मी म्हटलं, "बाई गं, तुझ्याकडे तरी बघतात."

शेवटी मुलाला सांगितलं, नवा टीव्ही घ्यायचा. मला माझ्या घरात, माझ्या संध्याकाळी, माझी मालिका बघायची आहे. ह्यांच्या खुर्चीतून आरपार नाही. एवढंच मागणं होतं माझं.

टीव्हीच्या दुकानात गेलो तर तिथे भिंतभर टीव्ही. मी पर्समधून ह्यांची मोजपट्टी काढली. सूनबाईनं डोळे मोठे केले, पण माझी सवय आहे. माप स्वतः घेतल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही. पंचाहत्तर इंची म्हणून लिहिलेल्या टीव्हीला आडवी पट्टी लावली तर साठ इंची पट्टी संपून वर पाचच इंच उरले, पंचाहत्तर काही भरेनात. मी विकणाऱ्या बाईंना धरलं. त्या हसून म्हणाल्या, "काकू, हे माप तिरकं घेतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"तिरकं? असं गिऱ्हाइकाचं माप घेतलं असतं तर आमचं दुकान महिन्यात बंद पडलं असतं."

तिरकी लावायला गेले तर पट्टी बरीच अपुरी पडली. शिंप्याची पट्टी, माणसापुरतीच असते. पट्टी संपली तिथे सूनबाईनं बोट धरून ठेवलं आणि आम्ही दोन टप्प्यांत मापलं. भरला बरोबर.

मुलाला तो नको होता. त्याला पासष्ट इंची हवा होता, आपल्याकडे आहे त्याच जातीचा, ठिपके आपले आपण उजळणारा. त्यानं मला दोन्ही टीव्हींच्या मधोमध उभं केलं. बाईंनी दोन्हींवर तेच चित्र लावलं, चांदण्यांचं आभाळ.

"आई, हा काळा बघ आणि तो काळा बघ. याच्यात काळा म्हणजे ठिपका विझतोच. त्या मोठ्याच्या मागे दिवे असतात, म्हणून काळ्यातही थोडा उजेड झिरपतो. राखाडी दिसतं. फरक कळतोय ना?"

"काळं कापड तुझ्यापेक्षा जास्त बघितलंय मी. कळतोय."

"मग? दहा इंच कमी असेल, पण चित्र बघ ना."

सूनबाई म्हणाली, "सोफ्यापासून भिंत चांगली लांब आहे. मोठाच बरा दिसेल. आईंना चष्म्याशिवाय नावं तरी वाचता येतील."

"नावं वाचायला कोण टीव्ही घेतं?" मुलगा म्हणाला.

नवरा-बायकोची जुंपणार असं दिसल्यावर मी बाईंनाच विचारलं, "हा लहान डाग धरतो का?"

त्या जरा घुटमळल्या. "नव्यात खूप सुधारणा आहे काकू. तो चित्र अधूनमधून थोडं सरकवतो. आता फार कमी धरतो."

"कमी म्हणजे धरतोच. आणि हा मोठा?"

"नाही धरत. दिवसभर एकच चित्र ठेवा. बंद केलं की कोरा."

"मग हाच द्या."

"अगं आई, काळा तरी..." मुलगा म्हणाला.

"राखाडी चालेल मला. मला विसराळू टीव्ही हवाय."

मुलगा पैसे भरायला गेला. कॅमेरे त्यानंच लावले होते, ते त्याच्या मनाला खात असणार. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

दोन दिवसांनी दोन माणसं टीव्ही घेऊन आली. जुना उतरवून समोरच्या बाकावर टेकवला, नवा भिंतीवर चढवला. केवढा तो. आमची खोलीच लहान वाटायला लागली. चालू केला, मी मुद्दाम बर्फ शोधायला लावला. पांढराशुभ्र. एक रेघ नाही, एक डाग नाही. मी कित्येक दिवसांनी टीव्हीकडे तोंड करून, पाय पसरून सोफ्यावर बसले. सुटले एकदाची असं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

जुना बदल्यात द्यायचा होता. त्या दोघांतला चष्मेवाला म्हणाला, "न्यायच्या आधी तपासावा लागतो," आणि त्यानं बाकावरच त्याचा प्लग लावला, मागे काहीतरी खुपसलं. पडद्यावर नुसते रंग यायला लागले. चित्र नाही, आवाज नाही, कडेपासून कडेपर्यंत एकच रंग. आधी लाल, मग हिरवा, मग निळा. ते भराभर सरकले. मग राखाडी आला आणि थांबला.

इतके महिने मी ती सावली तुकड्यातुकड्यानं बघितली होती. कधी कुणाच्या डोक्यामागे, कधी कुणाच्या घराच्या भिंतीवर. आज मध्ये कुणीच नव्हतं. अख्खं चित्र समोर होतं, जुन्या फोटोसारखं.

चार चौकोनांच्या रेघा होत्या, पण पुसट. त्यांच्यावर एकच चित्र पडदाभर पसरलेलं. खिडकीचे गज. गजांखाली कट्ट्यावर एक डबा. आणि मधोमध ते बसकं स्टूल, त्याच्यावर भिंतीला टेकून उभी केलेली गोल गादी.

"बाबांची खुर्ची," सूनबाई हळूच म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

ह्यांच्या खुर्चीवर मोठा कारागीर बसायचा. दिवसभर तिथे उठबस, ती खूण राहीलच कशी. दुकानात जी जागा हलली नाही ती ही. बटणांचा डबा माझा. गादी मी चिंध्या भरून शिवलेली, उठताना मी ती तशीच भिंतीला टेकवून उठायची. शेवटची उठले ती ह्यांना दवाखान्यात घातल्याचा निरोप आला तेव्हा. त्यानंतर तिथे कुणी बसलं नाही, मी नाही म्हणून.

मुलगा पडद्याजवळ गेला, वाकून बघितलं. म्हणाला, "आई, हा चौथा कॅमेरा. हा एकटा मोठा करायचा तर आधी त्याचा आकडा दाबायचा आणि मग मधलं बटण धरून ठेवायचं. मी बाबांना शिकवलंच नव्हतं. आणि थोड्या वेळानं तो आपोआप परत चार चौकोनांवर जायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे ते पुन्हा दाबायचे. दर वेळी."

मी सोफ्यावर होते ती उठूनच बसले. एकट्या डाव्या हातानं, थकत चाललेल्या बोटांनी, दिवसभर. मला वाटायचं चाळा आहे, रिमोटशी खेळतात. एकदोनदा मी तो हातातून काढूनही घेतला होता, बोटं चोळायला म्हणून. तेव्हा घशातून कसला तरी आवाज काढायचे.

हे माझी वाट बघत होते. खिडकीशी बाई अजून आली नाही, डबा उघडला नाही, गादी खाली घेतली नाही. आज नाही, उद्याही नाही. आणि मी येणार कुठून, मी ह्यांच्यापाशीच बसले होते. समोर बसलेली बाई कोण ते ह्यांना कळलंच नव्हतं. कुणीतरी एक बाई. भरवते, बडबडते आणि सारखी मध्ये येते. तिला बाजूला सारायचं, म्हणजे खिडकी दिसते.

किती राग केला मी. आणि तो ऐकायलाही ह्यांच्याशिवाय दिवसभर घरात दुसरं कोण होतं.

चष्मेवाला म्हणाला, "पडद्यावर खूप डाग आहे हो. याचे काही पैसे येणार नाहीत. पण न्यायचा तर नेतो." मुलानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली असेन, कारण ते दोघं कामाला लागले. एकानं वायर गुंडाळायला घेतली.

मी उठले. पडद्यापाशी गेले आणि त्याला पाठ करून, जिथे ते स्टूल होतं बरोबर तिथे, त्याच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखतात माझे, पण बसले. मागे राखाडी उजेड, पुढे सोफा. हे बसायचे तो कोपरा आता समोर दिसत होता. सूनबाई पुढे आली आणि थांबली.

"अहो," मी म्हटलं, "बसले बघा."

चष्मेवाल्यानं प्लग काढायला हात घातला. मी न वळता हातानंच त्याला थांबवलं.

"थांबा थोडं. आत्ताच आलेय मी."