पुढचे दोन आकडे

मुलांनो, समजा तुम्ही खिडकीचे गज धरून टाचा उंचावल्या आहेत. शेजारी तुमची आजी उभी आहे, आणि आतला कॉम्प्युटर सांगतोय की ती अजून म्हातारी झालेलीच नाही!

१९९८च्या नोव्हेंबरात ठाण्यात दहा वर्षांच्या मालूवर हीच पाळी आली.

"वय शेहेचाळीस," आतून नावं नोंदवणाऱ्या नंदाताई म्हणाल्या. "शिबिर साठीपुढच्यांचं आहे, आजी."

मालूच्या आजीचा, कोलशेतच्या जनाबाईचा, जन्म जाळी सांधण्यात गेला होता. आता मोतीबिंदूमुळे तिला ताटातल्या माशाचा काटाही दिसेना. मालू तो काढून द्यायची. शिबिरात ऑपरेशन फुकट होतं, आणि नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस होता.

"शेचाळीस? माजा दौलत सत्तेचाळीसचा हाय. मंग तो माज्या आदी जन्मला का गो, बाय?"

रांगेत हशा पिकला. नंदाताईही हसल्या, पण पडद्यावरचा आकडा हलला नाही.

"मला दिसतंय हो, आजी. पण मशीन नाव घेत नाही. फॉर्मवर साल बावन्न आहे."

मालूचे कान तापले. फॉर्म तिनेच भरला होता. 'जन्मसाल' पुढे १९ छापलेलं, मग दोन रिकाम्या चौकटी. आजीच्या पेटीतल्या जन्माच्या कागदावरून तिने शेवटचे दोन आकडे उतरवले होते. तिने तो कागद पुन्हा उलगडला. भटजींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'श्रावण, शके १८५२'. पाच आणि दोन. बरोबर तर होतं.

"ताई, पुढे अठरा आहे."

"अठराशे? म्हणजे आजी दीडशे वर्षांच्या? अगं, काहीतरीच काय!" नंदाताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि मशीनला पुढचे दोन आकडे विचारायची सोयच नाही."

मालूने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वर ठळक १९९८. त्याखाली बारीक अक्षरात, शके १९२०.

तिची बोटं गजावर हलू लागली. मग तिने पेन काढून तळहातावर वजाबाकी केली, आणि तिच्याखाली एक बेरीज.

"ताई, शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे! एकोणीसशे तीस!"

नंदाताईंनी तीन आणि शून्य दाबलं. अडुसष्ट. प्रिंटर करकरला, आणि चिठ्ठी खिडकीबाहेर आली.

जनाबाईने ती पदरात बांधली. "चल गो, घरा."

मालू मात्र मागे बघत होती. रांगेत जवळजवळ प्रत्येकाच्या हातात घड्या पडलेला तसाच एक पिवळा कागद होता.

आजीला बाकावर बसवून ती रांगेच्या टोकाला गेली.

"आजोबा, कागद बघू. शेवटचे नको, पुढचे दोन आकडे आधी दाखवा."