गुबगुबीत पिल्लं आधी मेली

माझी थोरली बहीण आउने हिच्या गोठ्यात सगळ्यांत आधी मेलं ते सगळ्यांत गुबगुबीत डुकराचं पिल्लू. भरडलेला जव मचमच खाल्ला आणि ताई बादली ठेवून वळते तोच आडवं. मग आणखी दोन, तीही अशीच भरल्या अंगाची. रोडकी होती ती मजेत हुंदडत होती.

"अंगात ताकद भरली पाहिजे," म्हणत ताई जव वाढवत गेली. पिल्लं अंगानं भरत गेली आणि मरत गेली.

विल्हो दाजींना वेगळाच संशय. "हे शेजारच्या एइनोचं काम. हद्दीवरच्या चरावरून भांडलो तेव्हाच म्हणाला होता, बघून घेईन."

"दाजी, आपलं कुत्रं तरी भुंकलं असतं की."

"तू गप गं. तुझं काय जातंय?"

रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडत असताना दाजींनी एइनोची गचांडी धरली. "विष घालतोस?" एइनोनं बर्फात पडलेली टोपी झटकली आणि बायकोला घेऊन चालता झाला.

गुरांच्या डॉक्टर लेहतोलाबाई आल्या. मेलेलं पिल्लू त्यांनी दारातच फाडलं. यकृत कुठे काळंनिळं, कुठे पिवळट. बोट लावलं की भुसभुशीत.

"विषच ना?" दाजींनी विचारलं.

"नाही हो. उलट काहीतरी कमी पडतंय. सेलेनियम. मातीत नाही, म्हणून तुमच्या जवात नाही. जे भराभर वाढतं त्याला ते जास्त लागतं, म्हणून त्याचं यकृत आधी जातं."

"माझ्या मातीत कमी?" दाजींचा आवाज फाटला. "आज्यानं दलदल उपसून केलेली जमीन आहे ती!"

"अख्ख्या गावाची तशीच आहे, विल्हो."

बाईंनी अंगावर पिणारी पिल्लं सोडून सगळ्या डुकरांना सेलेनियमचं इंजेक्शन टोचलं आणि पुढच्या खेपेसाठी बाटली ठेवली. "मी सांगेन तेव्हाच, मी सांगेन तेवढंच. हे जास्त झालं तरी मरतात."

दुसऱ्या सकाळी आणखी एक मेलेलं निघालं. ताई दुकानातून खाद्य आणायला गेली होती. मी गोठ्यात शिरले तर दाजींच्या हातात सिरिंज.

"दाजी, काय करताय? बाई काय म्हणाल्या?"

"मग काय, मरताना बघत बसू? ती बाई भित्री आहे. एवढ्याशानं काय होतंय!"

मी हात धरला. त्यांनी मला ढकलून दिलं. बाटली आधीच रिकामी झाली होती.

दुपारी मोठी डुकरीण मागच्या पायांवर उभी राहीना. धापा टाकू लागली. ताईनं गोणी अंगणातच टाकली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "विल्हो, बाईंना फोन कर! अरे, कर ना!" दाजी भिंतीला टेकून उभेच. फोन मी केला.

बाई धावत आल्या, पण यावर उतारा नव्हता. संध्याकाळी गोठ्यात आवाज उरला तो फक्त अंगावर पिणाऱ्या पिल्लांचा. तेवढ्यांनाच दाजींनी टोचलं नव्हतं.

धूड ओढायला ट्रॅक्टर हवा होता. ताई स्वतः एइनोकडे गेली. तो आला.

"एइनो, मी तुला..." दाजींनी सुरुवात केली.

"दोर धर," एइनो म्हणाला. "थंडीनं पाय बधिर झालेत माझे."

दोघांनी मिळून डुकरीण गाडीवर चढवली. आत ताई गाईच्या कोमट दुधाची बाटली पोरक्या पिल्लांच्या तोंडी धरत होती.

"जगतील का गं?" मी विचारलं.

"मला काय माहीत!" ताई म्हणाली, आणि मांडीवरचं पिल्लू दूध ओकलं तशी तिला रडू फुटलं.